आईच्या डोळ्यातलं ऊन

फोन आले तेव्हा मी अकरावीच्या परीक्षेला वर्गावर उभी होते. मुलुंडच्या ज्या कॉलेजात मी ऑफिसात काम करते, तिथे परीक्षेच्या दिवसांत आम्हा ऑफिसवाल्यांनाही सुपरव्हिजनला जुंपतात. वर्गात मोबाइल आणायचा नाही, हा नियम मीच सकाळी मुलांना खडसावून सांगितलेला, त्यामुळे माझा फोनही बाहेर कपाटात. बातमी माझ्यापर्यंत आली ती आमच्या शिपायांच्या, कदममामांच्या, चेहऱ्यावरून. "मॅडम, तुमच्या भावाच्या ऑफिसातून सारखे फोन येतायत," एवढंच ते म्हणाले आणि माझ्या हातातल्या पुरवण्या त्यांनी स्वतःच काढून घेतल्या. पुढे कोणी काही सांगायची गरज उरली नाही. धावत जायला सांगतात तेव्हा माणूस जिवंत असतो. हातातलं काम काढून घेतात तेव्हा...

संदेश माझ्याहून सहा वर्षांनी लहान. अंधेरीच्या त्याच्या स्टुडिओत, भर दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. हार्ट अटॅक. शेजारी काम करणाऱ्या प्रणालीला वाटलं, डोळे मिटून विचार करतोय, कारण ती त्याची सवयच होती. बाहेर जीव नकोसा करणारं ऊन होतं, आणि आत तो बसायचा त्या खोलीला मात्र काळे पडदे. स्क्रीनवरचे रंग नीट दिसावेत म्हणून तिथे कायम अंधार ठेवतात. पंधरा-सतरा वर्षं ज्याने दुसरं काही नाही, फक्त ऊन तयार केलं, तो माणूस अंधारात गेला, हे मला अजूनही पचत नाही. त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. दिवसकार्य झालं, गावाहून आलेली माणसं परत गेली, फोटोला हार चढला. मी लिहायला बसले आहे ती त्याच्याबद्दल, पण आईबद्दल लिहिल्याशिवाय त्याच्याबद्दल लिहिता येणार नाही. का, ते पुढे येईलच.

ऊन तयार करणं ही नोकरी असते, हे आमच्या नातेवाइकांना शेवटपर्यंत कळलं नाही. मलाही कळायला बरीच वर्षं लागली. लढाईचे व्हिडिओ गेम असतात ना, हातात बंदूक घेऊन पुढे सरकायचं, ढिगाऱ्यामागे लपायचं, समोरच्याला टिपायचं... त्यातला प्रत्येक डोंगर, भिंत, झाड कोणीतरी संगणकावर रचलेलं असतं. आणि ते सगळं रचून झालं की कोणाला तरी त्यावर प्रकाश पाडावा लागतो. सकाळ असेल तर सकाळचा, वाळवंट असेल तर वाळवंटातला. बंकरच्या काळोखातून सैनिक बाहेर आला की क्षणभर सगळं पांढरं व्हायला हवं आणि मग हळूहळू दिसायला लागायला हवं, कारण आपलं तसंच होतं. हे काम संदेश करायचा. मी त्याला चिडवायचे, "एवढा शिकलास आणि माणसं मारायचे खेळ बनवतोस?" तर म्हणायचा, "बंदुका दुसरी टीम करते गं ताई. माझ्याकडे फक्त ऊन." गावाहून कोणी आलं आणि विचारलं, काय करतो तुमचा मुलगा, तर आई जराही न अडखळता सांगायची, "काय करता म्हणजे? ऊन पाडता!" पाहुणे पुढे काही विचारत नसत. चहा पिऊन जात.

आमचं घर विक्रोळीला, कन्नमवार नगरात. बाबा गिरणी बंद पडल्यावर इथल्याच एका कारखान्याच्या गेटवर लागले होते, आणि त्या पगारात ही एक खोली आणि पश्चिमेची गॅलरी जमली. दुपार कलली की त्या गॅलरीतून उन्हाचा एक कवडसा खोलीत यायचा. स्टुलावरून कपाटावर, कपाटावरून भिंतीवर, असा तो चढत जायचा. लहानपणी संदेश त्या कवडशाच्या कडेकडेने भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायचा. थोड्या वेळाने पुन्हा एक, पुन्हा एक. नुकत्याच रंगवलेल्या भिंतीची वाट लागली म्हणून आईने त्याला लाटण्याने बडवला होता. बाबा मात्र म्हणाले, असू दे, आपलं घड्याळ झालं. त्या रेघा पुढे दोन वेळा रंग देऊनही पुसट दिसत राहिल्या. पुढे तो चित्रकला शिकला, मग ॲनिमेशन, मग अंधेरीला चिकटला. लग्न केलं नाही. कोणी विषय काढला की डोळे मिटून घ्यायचा, आणि समोरचा आपोआप गप्प बसायचा. बाबा गेल्यावर घरात तो आणि आई असे दोघंच राहिले.

त्याच्याकडे एक स्टीलचा गोळा होता. नारळाएवढा, आरशासारखा चकचकीत. रविवारी तो हा गोळा गच्चीवर नेऊन ठेवायचा आणि तासातासाला त्याचे फोटो काढायचा. गोळ्यात सगळं आभाळ उतरतं, ऊन कुठून येतंय, किती येतंय, ते त्यावरून कळतं, असं त्याने मला समजावलं होतं. पण सोसायटीचे सेक्रेटरी सावंतकाका, त्यांना हे कोण समजावणार? भर दुपारी गच्चीच्या मधोमध चकाकणारा गोळा आणि त्याच्याभोवती फिरणारा पोरगा बघून त्यांनी जिन्यातूनच आवाज चढवला, "हे काय करणी-बिरणी चाललीय काय वर?" आई भाजी निवडत होती, तशीच उठून जिन्यात गेली. म्हणाली, "करणी नाय हो, नोकरी आसा ती!" हा किस्सा स्टुडिओत इतका गाजला की त्याच्या मित्रांनी ते वाक्य छापून त्याला एक मग भेट दिला. त्या मगातून तो रोज चहा प्यायचा.

उन्हाच्या बाबतीत तो हट्टी होता. सिनेमात किंवा खेळात सूर्य समोर आला की पडद्यावर गोलगोल टिकल्यांची एक माळ उमटते, ती त्याला अजिबात खपायची नाही. "ते कॅमेऱ्याच्या काचेचं आहे. सैनिकाच्या कपाळाला काय कॅमेरा बांधलाय?" सूर्य समोर आला की माणसाचा डोळा दिपतो, पाणी येतं, समोरचा माणूस दिसेनासा होतो आणि त्यातच लढाईत जीव जातो, असं त्याचं म्हणणं. शत्रू मुद्दाम सूर्याला पाठीशी घेऊन बसतो. मग खेळातला सूर्य नुसता शोभेचा कसा चालेल? शिवाय सैनिकाच्या डोळ्यावर गॉगल असतो, त्यावर धूळ असते, घाम असतो, ओरखडे असतात. त्यातून बघताना उजेड कसा फुटतो, हे त्याला हवं होतं. त्याने जुने गॉगल आणून त्यांना वाळूने घासलं, काचांवर तेल चोळून बघितलं. जमत नव्हतं. शास्त्र बरोबर यायचं, पण बघून डोळे मिचकावावेसे वाटायचे नाहीत. त्या काळात त्याचं जेवणाकडे लक्ष नव्हतं, आणि आई मला फोन करून कुरकुरायची.

एक दिवस संध्याकाळी मी तिथे गेले होते. दिवेलागणीची वेळ, आई गॅलरीत बसलेली. समोरच्या रस्त्यावरचा दिवा लागला तशी ती सहज म्हणाली, "हल्ली दिव्याक केस फुटलेत रे." संदेश आत चहा गाळत होता. गाळणी तशीच हातात घेऊन बाहेर आला. "काय म्हणालीस?" तर ती म्हणाली, दिव्याभोवती कोंबडीच्या पिसांसारखं धुरकट दिसतं आणि त्यातून लांब लांब केस निघतात. उजव्या डोळ्याने तर जास्तच. मला वाटलं आता हा घाबरेल. घाबरला नाही, उलट चेहरा उजळला. तिच्या पायाशी बसला आणि टॅबवर दिवा काढून त्याला केस काढायला लागला. "असे?" "नाय, हेच्यापेक्षा लांब." "असे?" "हां... पण डावीकडे एक जाड आसा. शेंडीसारखो." मी कपाळावर हात मारला. म्हटलं, अरे, तिला मोतीबिंदू झालाय, डॉक्टरकडे ने, चित्रं कसली काढतोस? तो म्हणाला, "नेतो गं. शनिवारी नेतोच. पण ताई, धुरकट काच ती हीच. मी गॉगल घासत बसलो आणि काच घरात होती!"

घाटकोपरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तो तिला खरंच घेऊन गेला. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, उजव्यात जास्त. मात्र बाहेर संदेश औषधांच्या दुकानात उभा असताना डॉक्टर आईशी काय बोलले, ते तिने एकटीने ऐकलं, आणि आम्हाला सांगितलं ते असं, "अजून पिकूक नाय. पिकलो काय या म्हणालो." मोतीबिंदू पिकावा लागतो, हे आपण सगळ्यांनी घरात ऐकलेलं असतं, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. मग रोज संध्याकाळी गॅलरीत त्या दोघांची बैठक भरायला लागली. तो दिवा दाखवायचा, बसचे हेडलाइट दाखवायचा, पितळी समईची ज्योत, पाण्यावरचं ऊन. आणि ती सांगायची, कुठला केस लांब, कुठला आखूड, ऊन मावळताना केस तांबडे होतात की नाही. मी फोन केला तर सांगायची, "मगे कर. मीटिंग आसा आमची." बाबांच्या मागे तिला मी इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. सत्तरी उलटलेल्या बाईला कोणी असं बसून विचारत नाही हो, की तुला कसं दिसतं.

संदेशने खेळात त्या उन्हाला नाव काय दिलं असेल? आई. स्टुडिओत प्रत्येक गोष्टीला एक नाव द्यावंच लागतं म्हणे, म्हणजे सगळ्यांना सापडते. त्याने ते इंग्रजी अक्षरांत लिहिलं, आणि परदेशातल्या ज्या लोकांसाठी तो खेळ बनत होता, त्यांना वाटलं कसलं तरी तांत्रिक लघुरूप असेल. ते गंभीरपणे मीटिंगमध्ये म्हणायचे, आई जरा कमी करा, आई सकाळच्या सीनला फार होतेय. प्रणाली आणि इतर मराठी पोरं टेबलाखाली हसू दाबायची. कमी करायला सांगायचे ते उगाच नव्हे. खेळून बघणारे तक्रार करत, की डोंगरावर चढताना समोर सूर्य येतो आणि वरचा शत्रू दिसतच नाही. संदेशचं उत्तर एकच, "नाहीच दिसत. म्हणून तर तो तिथे बसलाय." शेवटी तडजोड म्हणून त्याने सैनिकाला एक नवी लकब दिली. एक बटण दाबलं की सैनिक बंदूक एका हातात घेतो आणि दुसरा हात कपाळावर आडवा धरतो, मग थोडंसं दिसतं. ती लकब कुठून आली, हे मला कोणी सांगायला नको. संध्याकाळी संदेश बस स्टॉपवरून चालत यायचा तेव्हा मावळतीचं ऊन तोंडावर घेत आई गॅलरीत अशीच उभी असायची, कपाळावर आडवा हात धरून.

काम संपत आलं तेव्हा त्याने तो सूर्य घरच्या टीव्हीवर लावून आईला दाखवला. ती बघत राहिली आणि म्हणाली, "मेल्या, माका सगळ्याच दिव्यांक केस दिसतत. तुझे खयचे नि माझे खयचे, कसा सांगू?" बरोबरच होतं. तिच्या डोळ्यातले केस आणि त्याने काढलेले केस एकावर एक पडत होते. तो खो खो हसला. "म्हणजे ऑपरेशन झाल्याशिवाय माझा पेपर तपासला जाणार नाही. झालं की तूच सांगायचं, पास की नापास." मग सहज विचारलं, "पिकायला अजून किती वेळ आहे म्हणाले?" आईने पदर सारखा केला. तिचं ते पदर सारखं करणं मी ओळखते. मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर माझ्यावरच वैतागले. पहिल्याच दिवशी त्यांनी ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं होतं. हल्ली पिकायची वाट कोणी बघत नाही, उलट फार पिकला तर कडक होतो, डोळ्यातलं प्रेशर वाढतं.

आईला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, "तेचा काम होऊदे म्हटला. माजो डोळो खय पळान जाता?" मुलाला नोकरीत आपला मोतीबिंदू लागतोय, तो काढून टाकला तर त्याचं अडेल, असा तिने हिशेब केला होता. शेजारणीला लागेल म्हणून डब्यातलं पीठ राखून ठेवावं, तसं. संदेशला हे सांगितलं तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला. एवढा मोठा बाप्या, तोंडावर हात घेऊन रडला. "आई, ते केस मी पहिल्या आठवड्यातच टिपून घेतले होते गं. नंतर मी नुसता बसायचो तुझ्याबरोबर. तुला बरं वाटायचं म्हणून." आई म्हणाली, "माका वाटला, तुका व्हया म्हणान." दोघंही एकमेकांसाठी बसत होती. मी तिथे उभी होते, हसावं की दोघांना फटके द्यावेत ते कळेना. त्याने त्याच दिवशी ऑपरेशनची वेळ घेतली, परीक्षेनंतरची, म्हणजे मलाही रजा मिळेल. त्या परीक्षेच्या मध्येच कदममामा वर्गाच्या दारात आले.

तो गेल्यावर आई ऑपरेशनला नाही म्हणाली. रडून नाही, ओरडून नाही, नुसतं नाही. तेराव्यानंतर मी तिला मुलुंडला घेऊन जायचं म्हटलं, तर गॅलरी सोडेना. संध्याकाळ झाली की दिव्याकडे बघत बसायची. मी एकदा चिडून विचारलं, काय आहे एवढं त्यात? तर म्हणाली, "आम्ही दोघांनी मेळान केलेला काम आसा ता. डॉक्टर ता काढून टाकतलो. मगे माझ्याकडे काय रवला?" घरी जाताना मी रिक्षात रडले. मला तिचं दुःख कळत होतं, पण मला भीतीही वाटत होती. तिने चहाचं आधण स्वतःच्या हातावर ओतून घेतलं होतं. जिन्याची शेवटची पायरी संपली समजून एकदा आपटली होती. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, उजवा डोळा आता थांबणार नाही. भाऊ गेला होता, आणि आईचा डोळा माझ्यासमोर चालला होता, आणि ती तो हट्टाने जाऊ देत होती. मी ओरडले, समजावलं, शपथा घातल्या. मामाला गावाहून फोनवर बोलायला लावलं. उपयोग शून्य.

मग एका रविवारी प्रणाली आली. संदेशच्या टेबलावरचं सामान घेऊन आली होती. एसीत घालायचं जाकीट, तो मग, आणि स्टीलचा गोळा. गोळा तिने ओढणीत गुंडाळून आणलेला. आईने तो मांडीवर घेतला आणि पदराने पुसत बसली. प्रणाली समोर स्टुलावर बसली. चोवीस-पंचवीसची पोरगी, संदेशने शिकवून तयार केलेली. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, खेळ बाहेर आला गेल्या आठवड्यात. तुमच्या सूर्याला आम्ही कोणाला हात लावू दिलेला नाही. कमी पण नाही केला." आईने मान हलवली. "पण एक गोष्ट राहिलीय," प्रणाली म्हणाली, "तो बरोबर झालाय की नाही, ते खरं कोणालाच माहीत नाही. संदेशदादा म्हणायचा, फायनल ओके आई देणार, ऑपरेशन झालं की. मी विचारायचे, नाही दिला तर? तर म्हणायचा, मग पुन्हा करणार." तिला बिचारीला आमच्या घरात काय चाललंय त्याची काही कल्पना नव्हती. आई गोळा पुसायची थांबली. एवढंच झालं. प्रणाली चहा घेऊन गेली, मीही मुलुंडला परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते तेव्हा आईचा फोन आला. "डॉक्टराक सांग, मी येतंय." मला वाटलं चुकून बोलली. "कुठल्या डॉक्टरला?" "डोळ्याच्या. झिलाचो पेपर तसोच पडलो हा." मुलाचा पेपर, एवढं सांगून तिने फोन ठेवला. मी पोळीचा डबा उघडा टाकून खाली बसले आणि तो गेल्यापासून पहिल्यांदाच पोटभर रडले. मी जे इतके आठवडे ओरडून करू शकले नाही, ते हा माणूस जाऊनसुद्धा करून गेला होता.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन घाटकोपरला झालं. फार वेळ लागला नाही. डॉक्टर म्हणाले, कडक झाला होता, पण निघाला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा आईने दवाखान्यातल्या ट्यूबलाइटकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "उघडो पडलो गो दिवो," ती म्हणाली. एकही केस नव्हता. डॉक्टर खूश, नर्स खूश, मी पेढे आणलेले, आणि ही एकटी बाई गेलेल्या मोतीबिंदूसाठी डोळ्यात पाणी आणत होती. डॉक्टरांनी रडायचं नाही अशी तंबी दिली, म्हणून तिने ते आवरलं. घरी येताना रिक्षात ती माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली, "किती गो म्हातारी झालंस तू." आम्ही दोघी हसलो. संदेशचा चेहरा मात्र या डोळ्याने बघायचा राहिला होता.

डॉक्टरांनी टीव्ही बघायला परवानगी दिली तशी आईनेच प्रणालीला निरोप धाडला. ती खेळाचं यंत्र घेऊन विक्रोळीला आली, वायरी जोडल्या. आई खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसली, मांडीवर स्टीलचा गोळा. प्रणाली म्हणाली, "ही डोंगराची चढण. इथे वर शत्रू असतात, पण मी आज शत्रू काढून टाकलेत, ताई. फक्त ऊन ठेवलंय." पडद्यावर पहाटेचा काळसर डोंगर होता. सैनिक चढायला लागला. दगड, वाळकं गवत, त्याच्या श्वासाचा आवाज. एक वळण आलं, कडा मागे सरला, आणि समोरून सूर्य वर आला. खरं सांगते, माझे डोळे आपोआप बारीक झाले. सगळा डोंगर धुरकट पांढरा झाला, सूर्याभोवती पिसारा पसरला आणि त्यातून केस निघाले, लांब लांब, काही आखूड. डावीकडे एक जाड. शेंडीसारखा.

आईने डाव्या डोळ्यावर, ज्यात अजून मोतीबिंदू आहे त्यावर, तळहात ठेवला आणि नव्या डोळ्याने बघायला लागली. आम्ही दोघी श्वास रोखून. प्रणाली तर परीक्षेला बसल्यासारखी. आई गोळा माझ्याकडे देऊन उठली, टीव्हीजवळ गेली, बोटाने एकेक केस मोजल्यासारखी करत राहिली. जाड केसापाशी बोट थांबलं. "हो थोडो आखूड केल्यान," ती म्हणाली. प्रणाली पुटपुटली, "लांब करू?" "नको. ऱ्हवांदे." परत खुर्चीत येऊन बसली. सैनिक तिथेच उभा होता, गवत हलत होतं. मग आई माझ्याकडे न बघता, पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली, "डॉक्टरान काढल्यान, नि झिलान हयसर ठेवल्यान."

मी विचारलं, "मग? पास?"

तिने डाव्या डोळ्यावरचा हात काढला, तो कपाळावर आडवा धरला आणि त्या उन्हाकडे बघत राहिली, गॅलरीत उभी राहून रस्त्याकडे बघायची तशी. संध्याकाळची वेळ होती. बाहेर बस येऊन थांबल्याचा आवाज आला.

"आई, टीव्ही आहे तो," मी म्हटलं. "ऊन नाही."

"माका ठावक आसा," ती म्हणाली. हात मात्र तिने खाली घेतला नाही.